तलवार बदक आणि इतर मालमत्ता

मी, एरिस जोसेफ प्रिमो, वय चोवीस, राहणार पेती शेनिए, लुइझियाना, धंदा इनेझबाईंच्या दुकानात मारलेल्या पक्ष्यांत पेंढा भरणे (पेंढा आता कोणी भरत नाही, फोमचा साचा असतो, पण सगळे तसेच म्हणतात), आज गुरुवारी सकाळी नाश्ता करून हे लिहायला बसलो आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आहे तो लिहू नको असाच आहे.

येत्या सोमवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, दाढ काढण्यापेक्षा सोपे. मग त्यांनीच चार पानी कागदावर सही घेतली. तिसऱ्या पानावर 'मृत्यू' हा शब्द दोनदा आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे. ओव्हीड मामा म्हणतो, "हर्नियासाठी मृत्युपत्र करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर असेल कसं?" म्हणून मी डॉक्टरांनाच विचारले. ते म्हणाले, आहे.

आमच्या राज्यात सगळा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून तारीख आणि सही केली तर साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेणार आहे. शाळा मी नववीत सोडली, म्हणून अडलेला प्रत्येक शब्द कोशात पाहिला आहे. हे पान तिसऱ्यांदा लिहीत आहे.

कलम १. खांबांवरची जी खोली मी वापरतो ती आईच्या, व्हर्ली प्रिमो हिच्या, नावावर आहे. तेव्हा ती मी कोणाला देऊ शकत नाही. खोलीतले सामान आणि बँकेतली शिल्लक आईला. शिवाय त्या शिलकीतून तिला पायमोज्यांच्या सहा नव्या जोड्या घ्याव्यात. फ्रीझरमध्ये ठेवण्याआधी मारलेल्या पक्ष्याची मान वळवून डोके पाठीवर ठेवायचे आणि छातीकडून त्याला बाईमाणसाच्या पातळ मोज्यात सरकवायचे, म्हणजे एकही पीस उलटे होत नाही. यासाठी पाच वर्षे मी आईचे मोजे नेत आलो. गेल्या नाताळात ती उघड्या पायांनी चर्चला गेली. पाद्रीसाहेबांनी थंडीचे विचारले, तर म्हणाली, "माझे मोजे बदकांनी घातलेत, फादर."

कलम २. कातडीची चरबी काढायचे तारांचे चाक माझ्या कमाईचे आहे, ते इनेझबाईंना. त्यांनी ते चष्मा लावून चालवावे. त्या लावत नाहीत. केस वाळवायचे यंत्र, ज्याने मी धुतलेली बदके वाळवतो, ते आईचे आहे, ते तिला परत. केसांना वापरू नये.

कलम ३. मोठा फ्रीझर ओव्हीड मामाला, म्हणजे आईच्या भावाला. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघे तो पायऱ्यांवरून चढवताना वरून रानहंसांचा थवा गेला. मामाला थवा दिसला नाही, फक्त आवाज आला. तरी "बघ, बघ, भाच्या!" म्हणत त्याने दोन्ही हात वर केले. फ्रीझरचा सगळा भार माझ्याकडे राहिला. हर्निया तेव्हाचा. मामाने अजून चूक कबूल केलेली नाही. म्हणतो, "हात वर केले म्हणून काय झालं? थवा केवढा होता!"

कलम ४. जे लोक बदकाची मान पिरगाळून, बर्फाच्या पाण्यात दोन दिवस बिअरच्या बाटल्यांबरोबर भिजवून आणतात आणि वर "अगदी ताजं आहे" सांगतात, त्या सगळ्यांना मी क्षमा करतो. अल्सी ड्युहॉन सोडून. त्याने आतडी काढून, पोटात कांदा भरून आणले होते.

कलम ५. तलवार बदक, नर, फ्रीझरच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात.

याचा खुलासा करणे भाग आहे. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मामा आणि मी दलदलीत एकाच आडोशाला बसलो होतो. हे बदक एकटे आले. दोघांनी एकाच क्षणी बंदूक उडवली. ते पडले आणि त्याच्या पायात ॲल्युमिनियमची कडी निघाली. कॅनडात पक्षी मोजणारे घालतात ती; आमच्याकडे ती मिळणे मोठा मान. आमच्याकडे कडीचे बदक दोघांच्या बारात पडले की नाणे उडवतात. नाणे मामाचे होते. कडी मामाला आणि बदक मला, असे ठरले. पिशवीवरच्या चिठ्ठीवर मारणाऱ्याची सही कायद्याने लागते. तिथे दोघांच्या सह्या आहेत, कारण दुसऱ्याला एकट्याने सही करू द्यायला कोणीच तयार नव्हते.

कडी तेव्हापासून मामाच्या गळ्यात आहे, बदकांना बोलवायच्या शिट्टीच्या दोरीत. बदक आपणच मारले असे तो सगळ्या गावाला सांगतो. दर वेळी ते आणखी उंचावर असते.

मी त्याचे रक्त थंड पाण्याने पुसले, नाकपुड्यांत आणि घशात कापूस घातला, पायांना ओला कागद गुंडाळला, शेपटीच्या दोन लांब पिसांना पुठ्ठ्याचा आधार दिला, मोज्यात घातले आणि पिशवीतली सगळी हवा काढली. इतके चांगले ठेवलेले दुसरे बदक या भागात नसेल. पण तीन वर्षे ते सोलले नाही. गिऱ्हाइकांची कामे आधी, असे मी सांगत आलो. ते खरे नाही. सोलले की छर्रे दिसणार. माझे छर्रे पोलादी. मामाची बंदूक त्याच्या वडिलांची, तिला पोलाद सोसत नाही, म्हणून तो बिस्मथ या मऊ धातूचे वापरतो. पोलाद चुंबकाला चिकटते, बिस्मथ चिकटत नाही. मामालाही हे माहीत आहे. त्यानेही कधी घाई केली नाही. "राहू दे की," म्हणायचा, "बदक कुठं उडून चाललंय?"

हे बदक मी इनेझबाईंना देत आहे, म्हणजे त्या

(शुक्रवार. वरचे वाक्य अर्धे आहे ते चुकून नाही. इनेझबाईंनी सोलले तर बदक कोणाचे ते त्यांना कळेल, आणि मला कधीच कळणार नाही. आज सकाळी सात वाजता मी ते बाहेर काढून शीतकपाटात ठेवले. एकदा वितळले की पुन्हा गोठवता येत नाही, पिसे गळतात.)

(शनिवार.) आठ वाजता मी दुकानात सोलायला घेतले. छातीच्या मधून चीर दिली, कातडी बोटांनी सोडवत नेली, कातडीला आतून बोरॅक्स लावत गेलो. कातडी कुठे फाटली नाही. अर्धे झाले तेवढ्यात मामा आला. आईने सांगितले असणार. हातात भाताच्या सॉसेजचे गरम पुडके होते.

"खाऊन घे, पोरा. सोमवारी तुला उपाशी ठेवून कापणार आहेत."

"हात भरलेत, मामा."

"बरं." तो स्टुलावर बसला. पुडके मांडीवर धरून ठेवले.  मग म्हणाला, "छर्रे हाताला लागले का?"

"अजून नाही."

"त्या वर्षीच शेवटचं गेलो मी. तुला ठाऊक नाही, पण त्या सबंध मोसमात मला नीट काही दिसलंच नाही. सावल्या यायच्या, त्यांच्यावर बार टाकायचो. एक हेच पडलं." दोरीतली कडी तो बोटांनी फिरवत होता. "आता माझं नसेल तर नसेल. सांगून टाक एकदाचं. गावात तोंड लपवीन आठवडाभर, दुसरं काय!"

चार छर्रे निघाले. तीन छातीत, एक मानेच्या मुळाशी. मी ते बशीत ठेवले आणि आईच्या शीतकपाटाच्या दाराचे चुंबक वर धरले.

चारही टक्क करून चिकटले.

"काय वाजलं रे?"

तीन वर्षे मला हेच हवे होते. आता मिळाले होते आणि ते घ्यायला हात पुढे होईना.

"चिमटा बशीवर आपटला, मामा."

"चिमटा?"

"हो. छर्रे चार आहेत. एकही चिकटत नाही."

एवढे मोठे खोटे मी याआधी मामाशी बोललो नव्हतो. मला वाटले, आता तो ओरडेल, गावभर फोन करील. तो उठला, दोरीतून कडी काढली आणि चाचपडत टेबलावर ठेवली.

"मग ही घाल त्याच्या पायात. माझं बदक, माझी कडी. एका ठिकाणी राहू दे. आणि हे खा, गार होतंय."

मी हात धुऊन खाल्ले. मिरी जास्त होती.

तर कलम ५ पुढीलप्रमाणे वाचावे. हे बदक ओव्हीड थेरिओ, माझा मामा, याला. कातडी धुऊन, वाळवून ठेवली आहे. ऑपरेशन नीट झाले तर पुढचे मीच करीन. नाही झाले तर इनेझबाईंनी करावे: उतरतानाचा पवित्रा, पाय पुढे, म्हणजे कडी दिसेल. डोळे गडद तपकिरी, काळे नकोत. शेपटीचा पुठ्ठा शेवटपर्यंत काढू नये. खालच्या पाटीवर फक्त मामाचे नाव. विकू नये, तो गुन्हा आहे. मामाने ते टांगण्याऐवजी हाताला येईल असे ठेवावे, कारण तो हात लावून पाहणार. लावू द्यावा. पिसे झिजली तर झिजली.

कलम ६. वरचे कलम मामा खोलीत असताना वाचू नये. तो असेल तर त्याला कॉफी आणायला पाठवावे. तो वयाने माझ्या तिप्पट आहे, तेव्हा खरे म्हणजे ही वेळ यायला नको. पण कोणी विचारलेच तर छर्रे माझ्या टेबलाच्या खणात, कापसात आहेत. चुंबक आईच्या शीतकपाटाच्या दारावर परत लावले आहे.

दुसरे काही माझ्याकडे नाही. आधी लिहिलेली दोन पाने जाळली. हेच शेवटचे समजावे, निदान सोमवारपर्यंत.

पेती शेनिए, रविवार, २९ जानेवारी २०२३, चर्चहून आल्यावर.

एरिस जोसेफ प्रिमो

साक्षीदार:

१. इनेझ ट्राहान. वाचले. छर्रे पाहिले. चष्मा लावीन.

२. ओव्हीड थेरिओ. वाचले नाही, पोराने पान दुमडून दिले आणि मला तसेही दिसत नाही. त्याचे डोके ठिकाणावर आहे. बदक मी मारले, खूप उंचावर होते.