बिट्टीचे कान

प्रिय ताई,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, अशी धास्ती वाटतेय. तरी लिहितेय. दुसरं कुणी सुचत नाही गं.

बिट्टी, माझी लेक. तू तिला पाहिलेलंच नाहीस. चार वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिला मेंदूज्वर झाला, अकरा दिवस दवाखान्यात होती. वाचली, म्हणून आमच्या जिवात जीव आला. घरी आल्यावर तिच्या पाठीमागे माझ्या हातून पातेलं निसटलं. मी दचकले, ती खेळतच राहिली. समोर जाऊन हाक मारली, तर चिडून म्हणाली, "आई, नुसतं तोंड काय हलवतेस? आवाज काढ ना!"

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. पडदा शाबूत आहे, त्यामागची तीन इवलीशी हाडंही आवाज नीट पुढे ढकलतात. बिघाड आणखी आत, गोगलगायीच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या नळीत. तिच्यातल्या पाण्यात बारीक केसांच्या पेशी असतात. आवाजाने पाणी हललं की त्या डुलतात आणि मेंदूला खबर पोचते. बिट्टीच्या त्या पेशी आजाराने मारल्या. पुन्हा उगवत नाहीत म्हणे. मी विचारलं, "एकही नाही?" त्यांनी चित्रातल्या त्या सगळ्या पेशींवर पेनाने काट मारली.

नळीत तार सरकवून यंत्र बसवायचं, एवढी एक आशा होती. पण या आजारानंतर त्या नळीत हाड भरत जातं, म्हणून घाई हवी. आणि मी तीन आठवडे घालवले! मळ साचला असेल, हट्टीपणा करत असेल, म्हणत कानात थेंब घालत बसले. गेल्या मंगळवारी ऑपरेशन झालं. बाई बाहेर आल्या त्या मास्क न काढताच म्हणाल्या, "दोन्हीकडे हाड भरलंय. तार शिरत नाही." ह्यांनी भिंतीला डोकं टेकलं. मला तर रडूही फुटेना.

तेव्हा तू आठवलीस. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवसापासून आठवत होतीस, मीच तुला मागे लोटत होते. तू जन्मापासून बहिरी, बोटांनी भराभर बोलायचीस. बाबांनी मला ती भाषा शिकू दिली नाही, असं मी सगळ्यांना सांगते. बाबा नको म्हणायचे, हे खरं. पण लाज माझी मलाच वाटायची. माझ्या लग्नात, "सासरच्यांसमोर हात हलवू नकोस," असं तुला चिठ्ठीवर लिहून दिलं ते मीच. तू वाचलंस, चिठ्ठीची घडी घातलीस आणि न जेवता निघून गेलीस.

बिट्टीचे शब्द आता बोथट व्हायला लागलेत. काल ती कपाटामागे जाऊन बसली. अर्धा तास मी घरभर तिच्या नावाने हाका मारत फिरले, वेड्यासारखी. सापडली तेव्हा फ्रॉकमध्ये तोंड खुपसून, रडून दमली होती. मी काही बोलायला गेले, तर तिने तळहाताने माझे ओठ दाबून धरले.

म्हणून हे पत्र. रजा काढून ये गं, ताई. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. तिच्याशी बोल. आणि 'मी इथेच आहे' हे हातांनी कसं म्हणतात, तेवढं मला दाखव. मला तेवढंसुद्धा येत नाही.

तुझीच,
धाकटी