भेटवस्तूंत भरलेल्या सह्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय भेटवस्तू बांधून देणे, सध्या गुडघ्यांमुळे घरी, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कुणी धमकावलेलं नाही आणि गोड बोलून भरीसही घातलेलं नाही. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रं केली होती, ती रद्द समजावीत. त्या दोन्हींत एक गोष्ट लिहायची राहिली होती. राहिली कसली, मी टाळली होती.

वकीलबाईंचं सांगणं असं की आधी मालमत्ता लिहा, मग वाटणी, आणि मनातलं शेवटी, जमल्यास नकोच. मी प्रयत्न करते.

१. माझ्या मालकीच्या दोन खोल्या आहेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुढच्या खोलीला चांगली खिडकी आहे, मागच्या खोलीची भिंत ओल धरते आणि दर वर्षी रंग लावूनही धरतेच. बँकेत एक मुदत ठेव आणि एक बचत खातं आहे. दागिने नाहीत. जे होते ते नवऱ्याच्या आजारपणात गेले आणि त्याचं मला दुःख नाही.

२. माझ्या पश्चात या सगळ्यावर जो काही कर लागेल तो पूर्ण भरावा, पळवाट शोधू नये. माझ्या भाच्याचा कर सल्लागार फार हुशार आहे असं भाचा सांगतो. त्याला या घराचा जिनाही चढू देऊ नये. मी आयुष्यभर सभांतून सांगत आले की ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं जास्त द्यावं. रस्ता, दिवे, शाळा, दवाखाना यांतलं काही कुणा एकट्याच्या खिशातून होत नाही, आणि मोठ्या घरातली माणसंही गाडी त्याच रस्त्यावरून नेतात. माझं मत आजही तेच आहे. लोक मला करताई म्हणायचे. मला ते आवडायचं. जरा जास्तच आवडायचं, ते पुढे येईलच.

३. माझा भाचा, म्हणजे माझ्या दिवंगत बहिणीचा मुलगा, न्हाणीघराच्या नळांचा मोठा व्यापारी, याला माझं गोल टेबल आणि चार खुर्च्या द्याव्यात. वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की हा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत वर येतो. मुलांसाठी भेटी, मेव्हण्यांसाठी भेटी, बँकेतल्या साहेबासाठी सगळ्यात मोठी भेट. दुकानवाले बांधायचे पैसे घेतात म्हणून ते काम मावशीकडे. बांधता बांधता मी करांचा विषय काढते आणि तो चिडतो. त्याचं म्हणणं, मी मरमर राबायचं आणि सरकारनं आयतं न्यायचं. मी विचारते, तुझे नळ लोक बसवतात, त्यात पाणी कोण आणून सोडतं? त्यावर तो चहा मागतो. पोरगा मनाचा वाईट नाही, माझ्या गुडघ्यांचा खर्च करायला निघाला होता. पण घर त्याला मिळणार नाही. त्याचा त्यावर डोळा आहे हे मला मागच्या वर्षी कळलं, मी चहा करत असताना तो खिडकीच्या पडद्यांचं माप घेत होता तेव्हा.

४. माझी मोठी कात्री, लहान कात्री, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि रिबिनींची रिळं, मी जिथे भेटी बांधायचं काम करायचे त्या दुकानात माझ्या जागी आलेल्या मुलीला द्यावीत. ती दोनदा घरी येऊन शिकून गेली आहे. हात हलका आहे तिचा. तिला सांगावं की कागद आधी मापावा, मग कापावा, आणि जोड कधीही वरच्या बाजूला येऊ देऊ नये. आणि वस्तूभोवती आत काय भरतेस ते डोळ्यांनी बघत जा, असंही सांगावं.

५. आता ते.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या भागातला नगरसभेचा दवाखाना बंद पडायच्या बेतात होता. नगरसभा म्हणत होती, पैसे नाहीत. आम्ही काही जणांनी समिती काढली आणि मागणी केली की टेकडीवरच्या मोठमोठ्या बंगल्यांवर जादा कर बसवा आणि त्यातून दवाखाना चालवा. नियमाप्रमाणे ठरलेल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत पुरेशा सह्या दिल्या, तर असा प्रस्ताव मतदानाला घ्यावाच लागायचा. सभांत बोलायचं काम माझं होतं. सह्या गोळा करायचं काम मीटरभाऊंचं. ते घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचे, त्यामुळे गावातलं एकही दार त्यांना परकं नव्हतं. कामाची वेळ संपली की तीच दारं पुन्हा वाजवायची, हा कर कुणावर लागणार, का लागणार, तुमच्यावर का लागणार नाही, हे न कंटाळता समजवायचं, आणि मग सही घ्यायची. माझी भाषणं ऐकून टाळ्या पडायच्या. सह्या मात्र भाऊंनी आणल्या.

अर्ज छापायला कागद हवा होता. तो मी दुकानातून आणला, म्हणजे न विचारता उचलला. काचेच्या वस्तूंभोवती चुरगाळून भरायचा पातळ, पांढरा कागद. समितीचे पैसे वाचवले म्हणून मी चार ठिकाणी मिरवले.

शेवटच्या दिवशी दुकानात सुट्ट्यांच्या खरेदीची झुंबड होती. दुपारी दोन वाजता मीटरभाऊ कापडी पिशवीतून आकडा पुरा करणाऱ्या शेवटच्या सह्या घेऊन आले. त्यांची फेरी सातपर्यंत होती आणि मी साडेपाचला सुटणार होते, म्हणून कागद नगरसभेत मी द्यायचे असं ठरलेलं होतं. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मी कौतुकानं कागद बाहेर काढून चाळले आणि काउंटरखालच्या फळीवर पालथे ठेवले. शेजारीच भरायचा कागद होता.

मग टेकडीवरच्या एक बाई आल्या. अठरा चहाचे संच, सतरा घरी पाठवायचे आणि एक स्वतःसाठी. प्रत्येक कपाभोवती कागद, प्रत्येक बशीमागे कागद. त्या समोर उभ्या राहून माझे हात बघत होत्या आणि कौतुक करत होत्या. मी रंगात आले होते. माझा हात खाली न बघता फळीवर जात होता आणि येत होता. शेवटचं खोकं त्यांच्या ड्रायव्हरनं उचललं, मी घड्याळ पाहिलं आणि सह्यांचे कागद घ्यायला वाकले. फळीवर दोनच कागद उरले होते आणि दोन्हींवर सह्या होत्या.

मी तशीच धावत बाहेर गेले. गाडी अजून उभी होती. बाईंनी काच खाली केली आणि त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमच्याइतकं देखणं कुणी बांधत नाही हो. हे तुमच्यासाठी." त्यांनी एक लहान डबा माझ्या हातात ठेवला. आत मऊ चामड्याचे हातमोजे होते.

आणि मी म्हणाले, "आभारी आहे बाईसाहेब. पुढच्या वर्षीही माझ्याकडेच या."

गाडी गेली. सभेत ज्यांच्यावर मी तोंडसुख घ्यायचे, त्यांच्यातल्या एकीनं चार शब्द गोड बोलल्यावर मी पाघळले. तुमच्या भेटवस्तूंत तुमच्यावर कर लावा म्हणणाऱ्यांच्या सह्या आहेत, हे त्या क्षणी सांगणं मला बरं दिसेना. मी घाबरले असते तर इतकी लाज वाटली नसती. मला छान वाटत होतं, त्याची लाज वाटते.

सव्वासहाला वाचनालयाच्या खोलीत समिती जमली. उरलेले दोन कागद मी दुकानातच टाकून आले होते. कागद कुठे, असं विचारल्यावर मी म्हणाले, भाऊंनी मला काही आणून दिलंच नाही. वाक्य इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. मीटरभाऊ फेरी अर्धी टाकून आले होते. ते एकदाच म्हणाले की मी दोन वाजता ताईंच्या हातात दिले. लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी पडले करताई. त्याच महिन्यात भाऊंनी हप्त्यावर स्कूटर घेतली होती. मागून कुणीतरी म्हणालं, स्कूटर टेकडीवरून आली वाटतं. ते मी ऐकलं आणि मूग गिळून बसले. भाऊ उठून गेले ते समितीत परत आले नाहीत. चार महिन्यांत दवाखान्याला कुलूप लागलं.

सुट्ट्या संपल्यावर त्या बाई पुन्हा दुकानात आल्या. त्यांच्या स्वतःच्या घरच्या संचातून एक कागद निघाला होता, तो त्यांनी हातानं सरळ करून आणला होता. वीस सह्या होत्या आणि खाली एकविसावी त्यांची. म्हणाल्या, "आमच्याकडून घ्यायलाच हवा कर. चालेल ना माझी सही?" मुदत संपली, असं मी सांगितलं. तेव्हा त्या हळहळल्या. "अहो, गाडीपाशी बोलला असतात तर तिथेच सगळी खोकी उघडली असती की."

तो कागद समितीपुढे ठेवला असता तर भाऊंवरचा डाग त्याच दिवशी पुसला गेला असता. मी तो घडी घालून कपाटात ठेवला. घडी मात्र व्यवस्थित घातली. तो आजही तिथेच आहे, न वापरलेल्या हातमोज्यांखाली.

मीटरभाऊ त्यानंतरही निवृत्त होईपर्यंत दर दोन महिन्यांनी माझ्याकडे मीटर वाचायला येत. आकडा लिहिला की वही माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "ताई, बघून घ्या, बरोबर लिहिलाय ना." शेजारणींना मी विचारलं होतं. इतर कुणाच्या घरी ते वही दाखवत नसत.

माझ्या खालच्या मजल्यावर इस्त्रीवाल्या काकू राहतात. दवाखाना गेल्यापासून मधुमेहाच्या गोळ्यांसाठी त्यांना दोन बस बदलून जावं लागतं. दर वेळी परत आल्या की माझ्याकडे पाणी पितात आणि ते कागद हरवणाऱ्याला शिव्या घालतात. मी त्यांना आणखी पाणी हवं का विचारते. मुदत ठेव त्यांना द्यावी, बचत खातं माझ्या शेवटच्या खर्चाला.

६. माझ्या दोन्ही खोल्या मी मीटरभाऊंना देते. याला भरपाई म्हणू नये, तो शब्द मला शोभत नाही. माझ्या मृत्यूनंतर कलम पाच वाचनालयाच्या खोलीत, समितीतले जे कुणी उरले असतील त्यांच्यापुढे, मोठ्यानं वाचावं आणि तो घडीचा कागद सगळ्यांना दाखवावा.

सही करण्यापूर्वीची भर. इथपर्यंत लिहून घेतल्यावर वकीलबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं की हे गृहस्थ आहेत ना अजून. मी म्हटलं, आहेत, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्या म्हणाल्या, "मग मेल्यावर कशाला?" उत्तर होतं, पण ते वकिलापुढे सांगण्यासारखं नव्हतं. मेलेल्या माणसाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, एवढंच ते उत्तर. त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तीन जिने चढायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी कलम पाच ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं, मग सहा वाचलं, आणि वकीलबाईंना विचारलं की साक्षीदार कोण आहे. एक त्यांचा लेखनिक होता, दुसरा अजून ठरायचा होता. भाऊ म्हणाले, मी होतो. वकीलबाईंनी समजावलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे त्यानं साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा वाटा बुडतो. ते म्हणाले, बुडू दे.

मला रडू आलं. मी त्यांच्यापुढे हात जोडले आणि घर घ्या म्हणून विनवलं, म्हटलं, माझ्या जिवाला तेवढंच बरं वाटेल.

"मला घर आहे, ताई," ते म्हणाले. "तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी दोन खोल्या कशाला सांभाळू?"

मग त्यांनी विचारलं की ते वाचन तुम्ही गेल्यावरच करायचं आहे का. मी म्हटलं, नाही, येत्या रविवारी, मी स्वतः वाचेन. असं बोलून बसले खरी. समितीतले आठ जण हयात आहेत, त्या सगळ्यांना वकीलबाईंनी माझ्यादेखत फोन केले, त्यामुळे आता मला मागे फिरता येणार नाही. इस्त्रीवाल्या काकूंना मी आजच सांगणार आहे.

कलम सहा मी खोडत नाही, माझी इच्छा काय होती ते दिसत राहावं. पण भाऊंच्या सहीमुळे त्या खोल्या त्यांना मिळणार नाहीत, म्हणून त्या विकून येतील ते पैसे नगरसभेच्या तिजोरीत जावेत. नगरसभा त्यातून रस्त्याचे दिवे लावेल की सभागृहाला नवे पडदे घेईल, सांगता येत नाही. कर भरणाऱ्याला ते कधीच सांगता येत नाही, तरी भरावा, असं मीच लोकांना सांगत आले. भाच्यानं हरकत घेऊ नये. खुर्च्या चांगल्या आहेत.

वरचा सगळा मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला आणि तो माझाच आहे.

ठिकाण: माझं राहतं घर, पुढची खोली
दिनांक: बारा डिसेंबर, दुपारी चार
सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: वकीलबाईंच्या कचेरीतला लेखनिक. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा: वीज मीटर वाचणारा, निवृत्त. ताईंनी माझ्यासमोर सही केली. कलम पाच मी वाचलं. कागदांची पिशवी मी दुपारी दोन वाजता त्यांच्या हातात दिली होती. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. (सही)