क्रमांक एकशे अठराची पत्रे

मी, श्रीमती वनमाला शिवदास तेंडोलकर, वय वर्षे चौसष्ट, धंदा वधूवर सूचीचा, राहणार नवप्रभात सोसायटी, दुसरा मजला, मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. साखर वाढलेली आहे आणि डाव्या डोळ्याला कमी दिसते, पण त्याचा डोक्याशी संबंध नाही, असे तळमजल्यावरच्या डॉ. वायंगणकरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मूलबाळ नाही. यजमान १९७८ साली वारले. अक्षर वेडेवाकडे आहे, ते वाचणाऱ्याने चालवून घ्यावे.

१. ही राहती जागा, दोन खोल्या आणि गॅलरी, मी माझ्या कमाईतून घेतली आहे. माझे दीर सहदेव तेंडोलकर यांचा तिच्यावर हक्क नाही. यजमानांच्या तेराव्याला पंगत उठायच्या आत ज्यांनी गावच्या आंब्यांच्या झाडांची वाटणी काढली आणि "वहिनी, तुम्ही एकट्या, तुम्हाला आंबे काय करायचेत" असे चारचौघांत विचारले, त्यांना मी बाठासुद्धा देणार नाही. बाकी त्यांचे चांगले होवो. जागा, आतल्या भांड्याकुंड्यांसह, मी कु. शुभा धोंडू केळुसकर हिला देते. ती माझी नात्याने कोणी नाही. गेली तीन वर्षे ती माझ्याकडे कामाला आहे, आणि गेले वर्षभर माझे इंजेक्शन, पथ्य, डोळ्यांत थेंब घालणे हेही तीच करते, ज्याचा तिला पगार नाही.

२. पोस्टातली रक्कम माझ्या आजारपणाला आणि शेवटच्या खर्चाला वापरावी. दहाव्याला कावळा शिवला नाही तर मंडळींनी उन्हात ताटकळू नये. दर्भाचा कावळा करावा आणि घरी जाऊन जेवावे. लोकांना वाट पाहायला लावण्यात माझा जन्म गेला, मेल्यावर तरी ते नको.

३. सायक्लोस्टाइलचे यंत्र, मराठी टाइपरायटर, वर्गणीदारांची कार्डे आणि 'गाठभेट वधूवर सूची' हे नाव. हेही शुभालाच. पण हे काय आहे ते आधी सांगितले पाहिजे.

यंत्र यजमानांनी कुठल्याशा ऑफिसच्या लिलावात घेतले होते, ज्ञाती मंडळाची पत्रके काढायला. ते गेल्यावर मंडळाने पत्रके बाहेर छापायला दिली आणि यंत्रावर मी लोणच्याच्या बरण्या ठेवू लागले. मला पहिल्यापासून लग्ने जमवायची हौस. म्हटले, तोंडी करतो ते यादी काढून करू. १९७९ च्या दिवाळीत पहिली सूची निघाली, चार पाने, सव्वीस स्थळे. नोंदणीची फी एकदाच.

त्यात पोट भरेना. दूधवाल्याचे गिऱ्हाईक आज दूध पिते आणि उद्या पुन्हा पातेले घेऊन उभे राहते. माझे गिऱ्हाईक लग्न जमले की जे जाते ते पेढा द्यायलाही फिरकत नाही. गरज सरो, वैद्य मरो. मग मी सहामाही वर्गणी सुरू केली. महिन्याला दोन अंक घरपोच, एक तारखेला आणि पंधराला. अंकात कोणाचे नाव-पत्ता नाही, फक्त क्रमांक. ज्याला जो क्रमांक पसंत पडेल त्याने पत्र माझ्याकडे पाठवायचे आणि मी ते पुढे पाठवणार. मुलींच्या आईवडिलांना हे फार पटले. झाकली मूठ राहते, म्हणाले. बघता बघता मुलुंड, भांडुप, घाटकोपर करीत अंक पार अंधेरी-बोरिवलीला जाऊ लागला आणि वर्गणीदार हजारावर गेले.

८६ साली महिला मंडळाने शाल-श्रीफळ दिले आणि धंदा कसा वाढवला ते सांगा म्हणून मला माइकपुढे उभे केले. मी तीन गोष्टी सांगितल्या. अंक एक दिवस चुकवायचा नाही. कोणाचे नाव फुटू द्यायचे नाही. वर्गणीदाराची आशा सुटू द्यायची नाही. टाळ्या पडल्या, दोन बायकांनी वहीत उतरूनसुद्धा घेतले. तिसऱ्या गोष्टीचा अर्थ मी तिथे सांगितला नाही, तो इथे लिहिते. चांगले पत्र आले की मी ते लगेच पुढे पाठवीत नसे. आधी दोन बेताची स्थळे पाठवायची, आणि वर्गणी संपत आली की एखादे बरे. म्हणजे लोक पुन्हा वर्गणी भरीत. बहुतेकांची लग्ने झाली, थोडी उशिरा. सहा महिन्यांनी कोणाचे काय बिघडते, अशी मी स्वतःची समजूत घालीत आले.

४. एकीचे बिघडले. १९८१ च्या सुरुवातीला धोंडू केळुसकर नावाचे गृहस्थ आले. परळच्या गिरणीतून निवृत्त झालेले, पायात रबरी चपला, हातात गावच्या आमसुलांची पिशवी. मुलगी बी.ए., शाळेत बदलीवर शिकवायची, वय अठ्ठावीस. तिला मी क्रमांक दिला एकशे अठरा. अपेक्षांच्या रकान्यात सगळ्या मुली लिहीत, स्वतःची जागा, कायम नोकरी. हिने स्वतःच्या हाताने लिहिले होते, 'घरात मोठ्याने भांडणे नसावीत.' मी तसेच छापले.

त्या एका ओळीवर पत्रांची रीघ लागली. ज्यांना अंक नुसता चाळायला म्हणून दिला होता त्यांनीही तिला पत्र लिहिता यावे म्हणून वर्गणी भरली. माझ्या ध्यानात आले की ही मुलगी उजवली गेली तर ही ओळ काढावी लागेल. मी ती काढली नाही. चार वर्षे एकशे अठरा क्रमांक दर अंकात पहिल्या पानावर ठेवला. तिच्यासाठी एकतीस पत्रे आली. एकही तिला दिले नाही. प्रत्येकाला उत्तर टाकले की मुलीकडच्यांचा विचार चालू आहे, वर्गणी चालू ठेवावी. केळुसकरांना संशय नको म्हणून मधूनमधून एखादा पन्नाशीचा विधुर पाठवी.

धोंडू केळुसकर दर सहा महिन्यांनी वर्गणी द्यायला स्वतः येत, आणि दर वेळी आमसुले. "बाईनू, माझ्या चेडवाचा खंय जमता काय बगा," म्हणत. शेवटचे आले ते ८५ च्या संक्रांतीला. बराच वेळ बसले, पाणी मागितले, आणि मग खाली बघून विचारले, "माझ्या चेडवात काय खोट आसा काय? आसली तर सांगा. मी रागवूचंय नाय."

मी म्हणाले, "योग यावा लागतो, केळुसकर."

महिन्याभरात ते गेले. हे वाक्य मी त्या माणसाला कसे म्हणू शकले, ते मला आजही समजत नाही. मला त्याची लाज वाटते. लाज हा शब्दही पुरत नाही, पण दुसरा मला येत नाही.

५. एकतीस पत्रांपैकी एकाविषयी वेगळे लिहायचे आहे. ते बोरिवलीच्या विद्याधर नाबर यांचे. बँकेत नोकरी. बाकीच्यांची पत्रे बापांनी नाही तर मामांनी लिहिलेली, याने स्वतः लिहिले होते. 'आमच्या घरी मी आणि आई. आईला कमी ऐकू येते, त्यामुळे बोलणे मोठ्याने होते, पण ते भांडण नसते. एवढे त्यांना चालेल का, ते विचारून कळवावे.' वाचून मला हसू आले होते. हे जमणार, हे मला तेव्हाच कळले. पंचवीस वर्षे लग्ने जमवणाऱ्या बाईला ते कळते. म्हणूनच ते मी सगळ्यांत खाली ठेवले. त्याने आणखी दोनदा लिहिले, तीन वेळा वर्गणी भरली. ८४ साली तो स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला. दुसरीकडे जमले होते. जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "तुमच्याकडून नाही झालं, पण प्रयत्न केलात." मी त्याच्या हातावर साखर ठेवली.

६. वडील गेले, वर्गणी थांबून एकशे अठरा क्रमांक अंकातून निघाला, आणि शाळेतली बदलीची नोकरीही संपली, तेव्हा शुभा काम मागायला माझ्याकडेच आली. मी ठेवून घेतले. दया म्हणून नाही, भीतीने. नजरेसमोर राहील तर बरे, असे वाटले. सहा महिन्यांत टपाल तिच्या हाती गेले आणि मला पत्रे अडवता येईनात. आले पत्र की ती त्याच दिवशी पुढे पाठवी. लग्ने भराभर जमू लागली. मी धंदा बसायची वाट पाहत होते. तो बसला नाही. ज्यांचे जमले त्यांनी आपल्या बहिणी, दीर, शेजारी पाठवले आणि वर्गणीदार अकराशेवर गेले. म्हणजे मी जे केले त्याची धंद्याला गरजच नव्हती. पोटासाठी केले, असे म्हणायची सोयसुद्धा मला राहिली नाही.

तिला आता पस्तिसावे सरत आले आहे. सोसायटीतल्या बायका मंगळ असेल म्हणतात, कोणी आणखी काही म्हणतात. ती दुसऱ्यांच्या मुलींची वर्णने स्टेन्सिलवर टाइप करते आणि त्यांची लग्ने ठरली की तिलाच आनंद होतो.

७. एकतीस पत्रे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटावर, जुन्या सोवळ्याखाली आहेत. मी मेल्यावर हा डबा, जागेच्या किल्ल्या आणि हे मृत्युपत्र शुभाच्या हातात द्यावे.

इथपर्यंत काल लिहिले. आज पुन्हा वाचले आणि वरचे कलम खोडले आहे. पत्र ज्याचे त्याला वेळेवर न देणे हा माझा गुन्हा, आणि हे पत्रही मी तिला केव्हा देणार, तर तिला उत्तर द्यायला समोर कोणी नसेल तेव्हा. मला मेल्यावर चांगले म्हणवून घ्यायचे होते, तेही जागेच्या बदल्यात. आज ती अकरा वाजता कामावर आली तेव्हा मी डबा आणि हे कागद तिच्यापुढे ठेवले आणि वाच म्हणाले.

पुरवणी, त्याच दिवशी लिहिलेली.

शुभाने सगळे उभ्यानेच वाचले. मध्ये एकदा मागचे पान पुन्हा काढून पाहिले. मी खाटेवर बसून होते. वाचून झाल्यावर तिने एवढेच विचारले, "बाबांना यातलं काही कळलं होतं?"

मी नाही म्हणाले.

"म्हणजे ते तसेच गेले," ती म्हणाली.

मग तिने डब्यातले नाबरांचे पत्र शोधून काढले. आईच्या ऐकण्याच्या ओळीपाशी तिला हसू आले. मला आले होते तसेच. मग ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. आत आल्यावर मी माफी मागितली.

"माफीचं नंतर बघू, काकू. मला जागा नको. माझं नाव काढा त्यातून."

मी म्हणाले, मग काय देऊ ते तू सांग. माझ्याकडे दुसरे आहे काय?

"पंधराच्या अंकाचं पहिलं पान द्या. एकशे अठराला एकतीस पत्रं आली होती आणि ती तुम्ही दिली नाहीत, एवढं छापा. खाली तुमचं नाव आणि माझंही. मुलांची नावं नकोत, त्यांची लग्नं झालीत."

मी घाबरले, ते लपवत नाही. धंद्याचे सोड, म्हणाले, पण तुझे नाव उगीच अकराशे घरांत लोकांच्या तोंडी होईल.

"माझं नाव सात वर्षं तोंडी आहेच," ती म्हणाली. "आता त्यांना खरं कारण कळू दे."

तिने टाइपरायटरवर नवी स्टेन्सिल चढवली. मी म्हणाले, दे, निदान हे तरी मी करते. तर म्हणाली, तुम्हाला दिसत नाही, चुका राहतील. बोटे अक्षरांवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगा."

मला ते तोंडाने, तिच्यासमोर, ती टाइप करील त्या गतीने, शब्द शब्द थांबून सांगावे लागले. धोंडू केळुसकरांशी मी काय बोलले ते तिने छापायला सांगितले नव्हते. मी तेही सांगितले आणि तिने ते टाइप केले. पान आजच छापून झाले आहे.

तरी मी याप्रमाणे बदल करते. कलम १ व ३ मधील शुभाचे नाव मी खोडले असून शेजारी सही केली आहे. तिच्या जागी घालायला मला दुसरे माणूस नाही. म्हणजे ही जागा कायद्याने सहदेव तेंडोलकर यांच्याकडे जाईल. जाऊ दे. पत्रे तिचीच होती, म्हणून ती मी दिली असे म्हणता येत नाही. शुभा ती घरी घेऊन गेली, एवढेच नोंदवते. संध्याकाळी सहीच्या वेळी ती परत आली, मी बोलावले नव्हते.

डॉक्टर वर आले. साक्षीला आणखी एक माणूस लागेल म्हणाले, आणि ज्याला यातून काही मिळायचे नाही असाच कोणीतरी बरा. मी शेजारणीला हाक मारायला उठत होते.

"मला काही मिळत नाही," शुभा म्हणाली आणि तिने पेन घेतले.

लिहून देणार: वनमाला शिवदास तेंडोलकर (सही)

आम्ही दोघांनी वरील सही आमच्यासमोर होताना पाहिली:

१. डॉ. कुंडलिक वायंगणकर (सही)
२. शुभा धोंडू केळुसकर (सही)

मुलुंड पूर्व, १२ नोव्हेंबर १९८८