कोरं बोट

माय, हे पत्र तुझी पणती लिहिते आहे, मी नुसती बोलते आहे. अक्षर तिचं, चुका माझ्या. तू मला शाळेत घातलं नाहीस ते एका परीने बरंच. नाहीतर निवडणुकीच्या दिवसांत भिंतींवरची सगळी आश्वासनं वाचत बसावं लागलं असतं. पोर विचारते, "आजी, हेही लिहू?" लिही म्हटलं. मेलेली माणसं रागावत नाहीत, तोच त्यांचा एक मोठा गुण.

आज सुरतेत आमच्या लिंबायत वस्तीत बायकांचा कार्यक्रम होता. आता महानगरपालिकेत बायकांसाठी जागा राखून ठेवतात. कालपर्यंत माझ्या शेजारी बसून लूमखात्यात धाग्याच्या कांड्या भरणारी बाई निवडून आली आहे. तिच्यासाठी एवढी उंच खुर्ची मांडलेली की तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी खालून म्हटलं, "पाट आणू का गं?" ती पदरात तोंड घालून हसली. मग एक शिक्षिकाबाई बोलल्या. परदेशात बायका मतासाठी तुरुंगात गेल्या, उपाशी राहिल्या. आपल्याकडच्याही वर्षानुवर्षं मागत राहिल्या, आणि स्वराज्य आल्यावर गडी-बाया सगळ्यांना एकदम मत मिळालं. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या पहिल्या निवडणुकीत कोणाकोणाच्या आईने मत दिलं? हात वर करा." मला त्या मांडवात तू दिसलीस, माय.

दहा वर्षांची असेन मी. तलाठ्याचा माणूस यादी करायला ओट्यावर बसलाय, मांडीवर वही. बाप आणि दादा मळ्यात. तू दाराआड उभी. आपल्याकडे बाई परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगत नसे, दुसऱ्या कोणी सांगायचं. घरात दुसरी कोण, तर मी. आणि आदल्याच दिवशी गुळाच्या खड्यापायी तू मला चुलीपुढे थोबाडीत दिलेली. तो माणूस विचारतो, "पोरी, आईचं नाव काय?" मी म्हणते, "दादाची माय." तो हसतो. "असं लिहिलेलं चालत नाही, कटून जातं. नाव सांग." दाराआड तुझ्या बांगड्या वाजतात. सांग, असं म्हणतेस तू, मला कळतं. मामा तुला ज्या नावाने हाका मारायचा ते माझ्या जिभेवर असतं. मी गाल चोळते आणि म्हणते, "मला नाही माहीत."

मतदानाच्या दिवशी तू लग्नातलं हिरवं लुगडं नेसलीस. भल्या सकाळी भाकरी बांधून दोन कोस चालत गेलीस. आलीस तेव्हा बाकीच्या बायका बोटावरची शाई एकमेकींना दाखवत होत्या. तुझं बोट कोरं. यादीत तू नव्हतीस. मी खांबामागे मार खायच्या तयारीने उभी होते. तू मला बोलावलंस, उरलेली अर्धी भाकरी दिलीस, वर गुळाचा खडा ठेवलास, आणि म्हणालीस, "वाटेत धूळ फार होती गं." एवढंच. पुढची यादी व्हायच्या आत तू तापाने गेलीस. त्या दिवशी मारलं असतंस तर मी आतापर्यंत विसरले असते.

मी मात्र एकही मत चुकवलेलं नाही. सुरतला आल्यावर तर कामाचा खाडा पाडून जाते. आता फोटोचं कार्डही मिळालंय. त्यात मी कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते, पण खाली माझं स्वतःचं नाव आहे, म्हणे. दर वेळी शाई लावून घेते आणि घरी येऊन चार दिवस त्या बोटाकडे बघवत नाही.

तर माय, आज मांडवात मी हात वर केला. त्यांनी मला पुढे बोलावून गुलाबाचं फूल दिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुझी पणती मला वाटभर विचारत होती, आजी, तुझ्या आईने कसं मत दिलं, सांग ना. म्हणून हे लिहायला बसवलं. आता तिला कळलं. ती लिहायची थांबली आहे, माझ्याकडे बघते आहे.

विचारते, "आजी, तिचं नाव काय होतं? वर लिहिते ना."

त्या यादीला पंचेचाळीस वर्षं होत आली. ओट्यावर कोणी बसलेलं नाही, गालही दुखत नाही. तरी तोंडातून निघत नाही गं. तिला म्हटलं, राहू दे, नुसतं 'माय' लिही. कागद माझ्या कार्डाच्या पाकिटात ठेवते आहे.