एका झोनमधलं रेकॉर्डिंग

सोमवार, १२ जानेवारी. सक्करदरा.

शेजारच्या सुमनताईंच्या वडिलांचं रेकॉर्डिंग आज माझ्या हातून पुसलं गेलं. ते विणकर, गेल्या वर्षी वारले. मागावर बसून बोलले होते, मी रेकॉर्ड करत होतो. बोलण्याआधी दोनदा खोकले.

रेकॉर्डिंगं ठेवतो त्या माझ्या हार्ड डिस्कमध्ये झोन, म्हणजे ठरावीक मापाचे कप्पे असतात; तिची रीत मला पाठ आहे, तीही कुठल्या क्लासला न जाता. झोनमध्ये ओळीनेच लिहायचं. मधलं काही बदलायचं तर सिस्टिम नकार देते. अख्खा झोन रिकामा करून पहिल्यापासून भरावा लागतो. आणि मी बदलत काय होतो? फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत गावाचं नाव उमरेडऐवजी नागपूर पडलं होतं, एवढंच. कोणाला दिसलंही नसतं. मला खुपलं. दुसरी प्रत लॅपटॉपवर आहे असं धरून झोन रिकामा केला. प्रत नव्हतीच. आधी पाहिलं का नाही मी?

संध्याकाळी ताई फाटकाशी आल्या.

"भाऊ, बाबाचा आवाज नीट हाय ना? नातीले ऐकवाचा हाय."

"डिस्क थोडा त्रास देऊन राहिली, ताई."

"तुमच्याजवळ हाय ना, मंग मले काळजी नाही."

डिस्कने कसलाही त्रास दिला नाही. सांगितलं तेवढंच केलं तिने. खोटं मी बोललो.

उद्या सकाळी जाऊन खरं सांगणार. पण त्या विचारतील, बाबा काय बोलले होते? खोकला आठवतो. पुढचं मी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. आवाजाची पातळी तेवढी तपासली होती.