माफी परत करणेबाबत

प्रति,
मा. भांडार व अभिलेख अधिकारी,
खाडीकाठ विज्ञान संशोधन संस्था,
मुलुंड (पूर्व), मुंबई.

अर्जदार : श्रीमती शेवंती रतन खरात, प्रयोगशाळा परिचर, रसायन विभाग. रा. नवघर, मुलुंड (पूर्व).

विषय : नोंदवही क्र. ७ प्रकरणी मिळालेली माफी परत करणे व अर्जदाराविरुद्ध शुक्रवारच्या आत चौकशी सुरू करणेबाबत.

संदर्भ : १) नोंदवही विद्रूप केल्याबद्दलची आपली नोटीस, दि. ८ सप्टेंबर २०२५. २) आपले माफीपत्र, दि. ६ ऑक्टोबर २०२५. ३) अर्जदाराच्या विभागाचे चार अर्ज.

महोदय,

१. वरील विषयान्वये सादर की, हा पाचवा अर्ज आहे. अर्जदारानं स्वतः लिहिलेल्या पहिल्या अर्जात राग होता. आता नुसताच हात दुखतो. नोंदवही क्र. ७ आपल्या रद्दीच्या यादीत सतराव्या नंबरला आहे. टेम्पो शुक्रवारी, २१ तारखेला येणार. आमच्या विभागातली कु. श्रुतिका नाचणकर हिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सोमवारी, २४ तारखेला. तिचा एकुलता एक पुरावा त्या वहीत आहे.

२. श्रुतिकाचं काम पॅलेडियम धातूच्या कणांवर. कण एवढे बारीक की केसाच्या जाडीत दहा-पंधरा हजार ओळीनं बसावेत. ते एका द्रवात सोडायचे, वरून हायड्रोजन द्यायचा, की एका पदार्थाचा दुसरा होतो. कण कामाला लावतात, स्वतः सरत नाहीत. ज्या द्रवात हा संसार चालतो, तो द्रावक. विभागाची नोंदवही क्र. ७ छापताना धातू, दाब, तापमान, वेळ या सगळ्यांना रकाने मिळाले. द्रावकाला मिळाला नाही. टिपणीत कारण दिलं आहे : "द्रावक क्रियेत भाग घेत नाही, सबब रकाना अनावश्यक." श्रुतिकाही आपल्या प्रयोगवहीत रोज "नेहमीचे द्रावक" एवढंच लिहीत गेली. पोर हुशार, पण छापील गोष्टीवर विश्वास ठेवणारी.

३. कॅन मात्र नेहमीचा नसे. भांडारातून येईल तो. कधी टोल्युइन, कधी स्पिरिट, तर कधी झाकण सैल राहून ओल धरलेलं स्पिरिट. त्या त्या दिवशी सर्वांना वास येई, लिहून कुणी ठेवत नसे. बाटल्या भरणारी आणि धुणारी अर्जदार. काल कुठल्या कॅनमधून ओतलं ते ध्यानात राहावं म्हणून तिनं नोंदवही क्र. ७ च्या 'शेरा' रकान्यात दोन-दोन ओळी लिहायला घेतल्या. लांबलचक नावं तिच्या डोक्यात टिकत नाहीत, ओवी टिकते. आईनं जालन्याकडे तसंच वळण लावलं. टोल्युइनच्या दिवशी :

उग्र वासाची गं बाई, आली पाहुणी घरात
पाटावरून उठेना, लेक थांबली दारात.

आणि ओल धरलेल्या स्पिरिटाच्या दिवशी :

स्पिरिटाच्या गं घरात, थेंब पाण्याचा शिरला
बोट वायूचं धरून, कणोकणी तो फिरला.

४. तेच कण, तीच ऊब, तोच वायू. तरी काम एके दिवशी पाऊण तासात उरके, एके दिवशी सांजेपर्यंत अर्धवट. दोन वर्षं श्रुतिकानं कणांना दोष दिला, मग स्वतःला. एकदा सिंकपाशी उभी राहून म्हणाली, "मावशी, माझी वाट लागली गं." अर्जदार म्हणाली, "रडतेस काय? त्या दिवशी पाहुणी आलेली. माझी ओवी वाच ना." पोरीनं वही ओढली, त्रेचाळीस ओव्या तारखेनं लावल्या आणि आपल्या प्रयोगवहीशी ताडून पाहिल्या. पाहुणी आली की काम अडलेलं, कारण टोल्युइन स्वतःच कणांवर ठाण मांडून जागा अडवी. थेंब शिरला की काम धावलेलं, कारण पाणी हायड्रोजनला हाताशी धरून पुढे नेई. भाग न घेणाराच सारं ठरवत होता. प्रबंध त्यावरच उभा आहे. आता बाहेरचे परीक्षक विचारतात, "नेहमीचे म्हणजे कोणते? त्या तारखेची मूळ नोंद दाखवा." पुन्हा करून दाखवावं तर त्या कणांची बाटली संपली आहे.

५. पहिला अर्ज श्रुतिकानं केला. उत्तर आलं, अक्षर तिचं नाही, अक्षरवाल्यानं अर्ज करावा. दुसरा अर्जदारानं केला. उत्तर आलं, अक्षर सिद्ध करावं. तिसऱ्या वेळी कार्यालयात बसून तिनं नमुन्याची ओवी लिहिली. लिपिक देवेशभाऊ म्हणाले, "झकास, मावशी! पण हे आमच्या टेबलाचं काम कुठाय?" आणि ती ओवी 'आणखी एक कवितासदृश मजकूर' म्हणून फाइलला लावली. चौथ्याचं उत्तर असं की, मजकूर उपयोगाचा असेल तर वही विद्रूप नाही. विद्रूप नसेल तर ती रद्दीच्या यादीत असणार नाही, सबब विभागात शोधावी. विभागात शोधली. यादीत सतरावा नंबर तसाच आहे.

६. महोदय, अर्जदाराचं वय आणि एकतीस वर्षांची सेवा पाहून आपण तिला मोठ्या मनानं माफ केलंत. प्रकरण मिटलं, म्हणूनच वही रद्दीत निघाली. आपल्या कार्यालयाबाहेरच्या सूचना-फलकावर कलम नऊ आहे : चौकशी चालू असेपर्यंत पुराव्याची वस्तू नष्ट करता येणार नाही, व संबंधितांस तिची प्रमाणित प्रत द्यावी लागेल. चार अर्जांच्या वेळी बाकावर बसून बसून अर्जदाराला ते तोंडपाठ झालं आहे.

७. सबब अर्जदार कबूल करते की, त्रेचाळीस दिवशी, शुद्धीत, निळ्या शाईनं, तिनं सरकारी रकान्यात ओव्या लिहिल्या. पश्चात्ताप नाही. चौकशी लावावी. मार्चअखेर ती निवृत्त होते. चौकशीमुळे निरोप समारंभ होणार नसेल तर हरकत नाही, तिला तसंही भाषण ऐकवत नाही. प्रमाणित प्रत मात्र श्रुतिकाच्या हाती सोमवारी सकाळी दहाच्या आत पडावी.

आपली नम्र व कबुलीदार,
शेवंती रतन खरात
मुलुंड, दि. १९ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) कबुलीजबाब, त्रेचाळीस ओव्यांच्या तारखांसह.
२) संदर्भ क्र. २ चे माफीपत्र, मूळ प्रत (परत नको).