गार्डची रिकामी जागा

लोरेन, ओहायो
८ जानेवारी १९८४

प्रिय तीती प्रोवी हिस सा. न. वि. वि.
आधी आशीर्वाद दे, मग रागाव.

नाताळचं पत्र चुकलं, कबूल. शिकागोहून बफेलोला निघालो होतो, पण बसमध्ये शेजारच्या माणसाच्या मांडीवर कोंबडा होता, चांगला जिवंत, आणि तो माणूस निघाला आपल्या बेटावरचा. गप्पांच्या नादात त्याच्याबरोबर इथेच उतरलो. आता पोलाद कारखान्यासमोरच्या खाणावळीत भांडी घासतो. तळं असं गोठलंय की काल एक कुत्रा त्यावरून सरळ कॅनडाच्या दिशेने चालू लागला. मालक काठावरून शिट्ट्या मारतोय, कुत्रा वळूनही बघत नाही. मला फार आवडला तो. असो.

खाणावळीत सान हुआनचा शिळा पेपर येतो. आपला बास्केटबॉल संघ, काफेतालेरोस, मागच्या हंगामात सगळ्यात शेवटी आला म्हणून यंदा नव्या खेळाडूंमधली पहिली निवड आपली, हे वाचलं. बेकरीवाल्या डॉन बाउदिलिओंना माझं नाव घेऊन सांग, संघाचे अध्यक्ष आहात तर जरा डोकं चालवा आणि गार्ड घ्या. चेंडू पुढे नेणाराच नसेल तर बास्केटखाली ताडमाड माणूस उभा करून काय उपयोग? त्याच्या डोक्यावर दिवा लावणार आहात का?

मोन्ते यानोत सगळ्यांना माझी आठवण सांग. ज्यांना माझा राग आहे त्यांना जरा जास्त सांग.

तुझा भाचा,
मिरो

मोन्ते यानो
२४ जानेवारी १९८४

चि. मिरो यास अनेक आशीर्वाद.
देव तुझं भलं करो, आणि तुला स्वेटर घालायची बुद्धी देवो.

तुझं पत्र नेहमीसारखं बेकरीत वाचून दाखवलं. कोंबड्यापर्यंत सगळे हसत होते. गार्डपाशी आले आणि भांडण पेटलं. न्हावी तातो लगेच तुझ्या बाजूला. म्हणे, मागच्या वर्षी आपली पोरं चेंडू असा एकमेकांच्या हातात देत होती, जसा काही तव्यावरून उतरवलाय.

मी म्हटलं, सेंटरच हवा. नव्या खेळाडूंमधला तो कारास्कीयो बघ, उंची दोन मीटर सहा सेंटीमीटर. परवा बेकरीत आला तेव्हा दारातून वाकून शिरला, आणि डॉन बाउदिलिओंनी त्याला फुकट पाव दिला. आजवर त्यांनी पाद्रीबाबांनासुद्धा फुकट दिला नव्हता. बास्केटखाली आपली पोरं वर तोंड करून उभी असतात, हाताशी काठी नसताना आंब्याकडे बघावं तशी. आणि गार्डचं काय, गार्ड आहे आपल्याकडे. सध्या बाहेरगावी आहे एवढंच. तर तातो म्हणाला की चार वर्षं बाहेरगावी असलेल्या माणसाला गार्ड नाही, पाहुणा म्हणतात. मी म्हटलं, तू गुमान केस काप.

काल कॉफी वाळवायच्या अंगणात गेले होते. तू सात वर्षांचा असशील, त्या सिमेंटवर चेंडू आपटायचास आणि आपटण्यासरशी बिया टणाटण उडायच्या. तुझी आई झाडू घेऊन मागे धावायची, पण तुला सापडायची नाही. धापा टाकत मला म्हणायची, ताई, हा पोरगा कुणाच्याच हाती लागणार नाही. तिच्या माघारी मी तुला वाढवलं, तेव्हा ते मला पुरतं पटलं.

सामन्याला अजून तिसऱ्या पायरीवरच बसते. शेजारी पर्स ठेवते. कुणी विचारलं तर सांगते, येणार आहे एकजण.

बाकी इकडे सर्व ठीक. तुझं ठीक असेल तर तसं कळव, नसेल तर आधी कळव.

तुझी मावशी,
प्रोविदेन्सिया

लोरेन
१२ फेब्रुवारी १९८४

ती. तीतीस कृ. सा. न.
आशीर्वाद दिलास तो पोचला. स्वेटरही घातला, पण तो कोंबडेवाल्याचा आहे.

तीती, तू सेंटर का मागतेस ते मला कळत नाही असं समजू नकोस. गार्डची जागा रिकामी राहिली तर मी कधीतरी येऊन ती भरेन, हेच ना? मी नाही भरणार. खेळाचा कंटाळा नव्हता आला मला. पण पाव आणायला गेलो तरी प्रत्येक दारातून कुणीतरी विचारायचं, आज किती पॉइंट? पडलो तर सगळं गाव पडायचं. एवढं ओझं अंगावर घेऊन नीट झोपसुद्धा लागायची नाही. म्हणून सांगतो, गार्ड घ्या. मोकळं करा मला.

आणि गार्ड कसा असावा ते ऐक. इथल्या चर्चच्या हॉलमध्ये एक पोरगा खेळतो, डेरिक अल्वेलो. एकवीस वर्षांचा, माझ्याहून बोटभर बुटका. तो चेंडू देतो तेव्हा घेणाऱ्यालाच कळत नाही की आपण मोकळे होतो. स्पॅनिश मात्र अशी बोलतो की कोंबडासुद्धा मान वळवून बघतो. रविवारी त्याने मला घरी जेवायला नेलं. त्याची आजी दोन्या एउफेमिया पास्तेलेस करते, कच्ची केळी किसून, केळीच्या पानात बांधून, दोन दोन जोडीने. जेवण झालं की सुतळ्या धुऊन खिडकीत वाळत घालते, पुढच्या वेळी बांधायला. अगदी तुझ्यासारखी. बर्फाच्या खिडकीतल्या त्या सुतळ्या मी उठून एकेक सरळ केल्या. तिचा जन्म आपल्याच नदीच्या पलीकडचा, बांबूच्या बनाजवळचा, म्हणाली. आणि मोन्ते यानोचे लोक पास्तेलेसमध्ये मीठ जास्त घालतात, असंही म्हणाली. मी भांडलो नाही, कारण चौथा खात होतो.

पण हा पोरगा पडला इथला. आपल्या काय कामाचा? तसला एखादा तिथे शोधा.

बूट फाटलेत, पाय शाबूत आहेत. माया आहे तेवढी राहू दे, उपदेश थोडा कमी केला तरी चालेल.

मिरो

मोन्ते यानो
१८ मार्च १९८४

चि. मिरोस अ. उ. आशीर्वाद.

बातमी पेपरात वाचण्याआधी माझ्याकडून ऐक.

तुझं पत्र बेकरीत वाचत होते. सगळे पास्तेलेसवर हसत होते आणि माझे डोळे पुढच्या ओळीवर गेले, एउफेमियाच्या जन्माच्या. तू गेल्यानंतर एक नियम आलाय, तुला ठाऊक नसेल. आजी बेटावर जन्मलेली असली की नातू आपला धरतात, मग तो कुठे का वाढेना. ती ओळ गाळून मी सरळ मिठावर गेले असते तर कुणाला कळलंही नसतं. कारास्कीयो आला असता, आणि तुझी जागा तशीच राहिली असती. मी कागद डोळ्यांजवळ नेला. तातोने विचारलं, चष्मा हवा का.

मग वाचली. मोठ्याने वाचली.

एकदम गलका झाला. डॉन बाउदिलिओंच्या सासूबाई कोपऱ्यातून ओरडल्या, बांबूच्या बनाजवळची एउफेमिया म्हणजे अॅकॉर्डियनवाल्याबरोबर पळून गेलेलीच ना! तिकडे फोन लावला. म्हाताऱ्या दोघी आधी पन्नास वर्षांपूर्वीच्या एका रिबिनीवरून भांडल्या, मग रडल्या. त्यानंतर कुठे डॉन बाउदिलिओंना फोन मिळाला. पुढच्या आठवड्यात ते स्वतः त्या पोराचा खेळ बघून आले. म्हणे तू नेमका त्या दिवशी कुणाची तरी गाडी ढकलायला गेला होतास.

काल सान हुआनमध्ये निवड झाली. आम्ही बेकरीत रेडिओला कान लावून. पहिलं नाव काफेतालेरोसने घेतलं, डेरिक अल्वेलो, गार्ड. तातोने मला मिठी मारली. त्याला वाटलं मी आनंदाने रडतेय.

तर आता ऐक, पोरा. संघाला आता तुझी गरज नाही. दारादारातून पॉइंट विचारतील ते त्या अल्वेलोला विचारतील. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की गार्ड आहे आपल्याकडे, आणि मला वाटायचं, ती जागा राखली की तू परत येशील. ती जागाच तुला दूर ठेवत होती, हे मला त्या ओळीपाशी कळलं. मला गार्ड नको होता रे. मला तू हवा होतास.

पहिला सामना सात एप्रिलला, आपल्याच मैदानावर. ये असं म्हणत नाही. तारीख तेवढी कळवते.

वाट बघायची सवय असलेली,
तीती

लोरेन
२६ मार्च १९८४

ती. तीतीस सा. न. वि. वि.
आशीर्वाद दे, आणि तो जरा जास्तीचा दे.

पत्र वाचून आधी हायसं वाटलं. नंतर भांडी घासताना एकाएकी रडू आलं. माझी जागा गेली, आणि ती मीच पास्तेलेसच्या आणि मिठाच्या गोष्टी सांगत घालवली. मालकाला वाटलं साबण डोळ्यात गेला. गेला असेल थोडा.

डेरिक काल विचारत होता, मोन्ते यानोत खेळणं कसं असतं. त्याला सांगायला लागलो, आणि बोलता बोलता अंगणातल्या बिया, आईचा झाडू, शिट्टीआधीचा तो ढोल, सगळं येत गेलं. मी इतका वेळ एका विषयावर कधी बोललो नव्हतो. शेवटी तो म्हणाला, मग तू इथे काय करतोयस? मी त्याला विमानाची तारीख विचारली.

पाच एप्रिलच्या विमानाने दोन्या एउफेमिया नातवाबरोबर येतेय. सुतळीचं बोचकं मोठं आहे, उचलायला माणूस हवा, असं ती म्हणते. कोंबडा मात्र इथेच राहील.

गावात आधी सांगू नकोस. मी खेळायला येत नाहीये. शेंगदाणे खाईन, रेफरीला शिव्या देईन, आणि तातोशी भांडेन की तरीही आपल्याला एक सेंटर लागणारच आहे.

तेवढी ती पर्स पायरीवरून उचलून ठेव.

मिरो